वैनीचं बेट

माझ्या फुफूनं समुद्र पाहिलेला नाही. तिनं पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे आमच्या कंधारचा जगतुंग तलाव, आणि त्याच्याही काठाशी ती कधी गेली नाही. तरी लातुरात ती रोज दुपारी जोहरची नमाज झाली की शिडाची होडी घेऊन भर समुद्रात जायची. तासाभरानं परत यायची आणि राहिलेल्या साड्यांना फॉल लावायला बसायची.

फुफू म्हणजे अब्बांची धाकटी बहीण, वहिदा. क्लासेसच्या गल्ल्यांना लागून तिचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन. चांदपाशा फुफा वारले तेव्हापासून तीच मशीन चालवायची. क्लासच्या पोरींच्या ड्रेसची फिटिंग, बाह्या, फॉल-पिको, असलं काम. मशीनच्या शेजारी एका टेबलावर साद्‌चा कॉम्प्युटर होता. साद तिचा एकुलता एक पोरगा.

मी अलीझा. मला दहावीला ब्याण्णव टक्के पडले, तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. ब्याण्णव टक्केवाल्या पोरीला आमच्याकडं कुणी सुखानं बसू देत नाही, तिला लातूरला पाठवतात. मलाही पाठवलं, फुफूच्या मागच्या खोलीत. सकाळी सहाला फिजिक्स, मग कॉलेजात तोंड दाखवणं, दुपारनंतर बायो, संध्याकाळी टेस्ट. आमच्या गल्लीत प्रत्येक खांबावर कुठल्यातरी टॉपरचा फोटो होता आणि ते सगळे माझ्याकडंच बघत असायचे. डॉक्टर मी काही झाले नाही. कंधारात औषधाचं दुकान चालवते आणि डॉक्टरांचं अक्षर वाचते, अब्बांना त्यातच समाधान आहे.

दोन हजार पंधराच्या जूनमध्ये साद नोकरीला पुण्याला गेला. कंपनीनं त्याला लॅपटॉप दिला, म्हणून जुना कॉम्प्युटर घरीच राहिला. पहिल्या दिवशी फुफूनं तो ओल्या फडक्यानं पुसला. दुसऱ्या दिवशी सुरू केला. चार वर्षं मशीनवर बसून ती साद्‌ला खेळताना तिरक्या नजरेनं बघत आली होती, त्यामुळं कुठं दाबायचं ते तिला पाठ होतं. पोराची आठवण येते म्हणून बसत असेल, असं मला वाटलं. मला तिचा थोडा रागही आला. मी इथं पेशींची विभाजनं घोकतेय आणि ही बाई गेम खेळतेय.

गेम साधा होता. एक नावाडी, एक शिडाची होडी, आणि चारी बाजूंनी निळं पाणी. वारा कुठून येतोय ते बघून शीड फिरवायचं, हे फुफूला लगेच जमलं. खळ्यावर वारं बघूनच उफणायचं असतं, त्यात काय नवीन, असं ती म्हणाली. होडी हाकत गेलं की दूरवर बेटाची काळी रेघ दिसायची. बेटावर उतरलं की नावाडी वाळूत काठी रोवायचा आणि पडद्यावर एक पांढरी चौकट यायची. चौकटीत बेटाचं नाव लिहायचं, मग ते नकाशावर कायमचं बसायचं. नाव न देता निघालं तर नकाशावरून बेट पुसून जायचं.

फुफूला इंग्रजी येत नव्हतं. तिनं साद्‌ला फोन लावला की पाटी येऊन राहिली, काय करू. साद कामात होता. "अम्मी, नाव दे आणि पुढं जा," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

फुफूला वाटलं, होडी द्यायची. म्हणजे नाव बेटाला देऊन टाकायची आणि आपण पायीच पुढं जायचं. तिनं तसंच केलं. होडी किनाऱ्यावर सोडायची, नावाड्याला पाण्यात घालायची, आणि दहा-बारा हात मारून तो बुडायचा. आठ दिवस ती त्याला रोज बुडवत होती. शेवटी वैतागून माझ्याकडं आली. "अल्ली, ह्या खेळात काय इन्साफ हाय का? येवढी एकच तर नाव हाय, ती बी देऊन टाकायची, मग माणसानं जायाचं कसं?" मी इतकी हसले की माझी बायोची वही पलंगाखाली गेली. मग तिला सांगितलं की होडी नाही गं, नाव, म्हणजे नाम. ती काही हसली नाही. "बेटाला मी ठरवंन ते नाव?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले.

"मग लिही," ती म्हणाली. "किशनराव वाणी."

अक्षरं इंग्रजीच चालायची, त्यामुळं लिहायचं काम माझ्याकडं आलं. मला वाटलं होतं ती मक्का म्हणेल, नाहीतर साद. दुसऱ्या दिवशीचं बेट शेषेराव सुतार. मग श्रीमंत कासार. मग अबुजर चाचा. हे सगळे तुझे गिऱ्हाईक आहेत का, असं मी विचारलं. फुफूनं मशीन थांबवलं.

"आमची गल्ली हाय," ती म्हणाली.

घरात आम्ही दखनीत बोलतो. पण गावाचा विषय निघाला की फुफू आपोआप मराठीवर यायची, कारण तिची गल्ली मराठी होती. ते गाव किल्लारीच्या बाजूचं, तेरणेच्या काठचं. नाव लिहीत नाही, फुफूला आवडणार नाही. एकोणिसाव्या वर्षी ती तिथं लग्न होऊन गेली आणि चोविसाव्या वर्षी, त्र्याण्णवच्या भूकंपात, ते गाव गेलं. त्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी कंधारला होती. साद पंधरा दिवसांचा होता. फुफा पोराचं तोंड बघायला आलेले, म्हणून तेही वाचले. सासू गेली. दगडाच्या भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं.

हे सगळ्यांना माहीत आहे, पुस्तकातही आहे. फुफूचं दुखणं मात्र पुस्तकात नाही. नवं गाव बांधलं तेव्हा घरं जमिनीप्रमाणं मिळाली. कमी जमीनवाल्यांच्या रांगा एकीकडं, जास्तवाल्यांच्या दुसरीकडं. जे वाचले होते ते शेजारीसुद्धा चारी दिशांना पांगले. किशनरावांच्या भिंतीला शेषेरावांची भिंत होती, ते आता एकमेकांना बाजाराच्या दिवशी भेटू लागले. सगळी घरं एकसारखी, दारावर नंबर. फुफाच दोनदा दुसऱ्याच्या घरात शिरले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, चल लातूरला, इथं मला माझं दार ओळखू येत नाही.

तर तीच गल्ली फुफू समुद्रात मांडत होती. पहिलं बेट तिनं वेशीकडचं धरलं आणि तिथून ओळीनं. कुणाच्या उजवीकडं कोण, कुणाच्या समोर कोण, यात ती कणभर चूक होऊ द्यायची नाही. एकदा मी घाईत कासाराच्या जागी सुताराचं नाव लिहायला घेतलं, तर तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मधे समुद्र मोकळा सोडावा लागायचा, याचं तिला वाईट वाटायचं. "भिंतीला भिंत हुती," ती म्हणायची, "आता अर्धा घंटा होडी हाकावी लागते."

डिसेंबरपर्यंत बावीस बेटं झाली. माझाही राग तोवर गेला होता. क्लासमधून आले की मीच आधी विचारायची, आज कुणाकडं जाऊन आलीस. ती सांगायची, आणि त्या घरात काय शिजायचं, कोण कुणाशी बोलत नव्हतं, तेही सांगायची. मला कंधारची आठवण येऊन रडू यायचं, ते त्या गप्पांत कमी व्हायचं. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

मग मला दिसलं की फुफू एका बेटाला वळसा घालते. तिच्या स्वतःच्या घराचं, म्हणजे चांदपाशा नावाचं बेट, त्याच्या अगदी डाव्या हाताला ते होतं. छोटं, दोन टेकड्यांचं, हिरवंगार. होडी तिथवर जायची, जवळ जायची, आणि फुफू शीड फिरवायची. मी म्हणाले, उतर की.

"उतरलं की नाव इचारतंय," ती म्हणाली. "ते वैनीचं हाय."

"मग वैनी लिहू."

"वैनी हे काय नाव हाय?"

त्या दुपारी मी बायोचा क्लास बुडवला. नवी नवरी होऊन फुफू त्या घरात आली तेव्हा सारखी रडायची. मधल्या भिंतीत कोनाडा होता, त्यातला एक दगड निघायचा. एक दिवस पलीकडून तो दगड निघाला आणि शेंगाच्या चटणीची वाटी आत आली. पाठोपाठ आवाज आला, "वहिदा, किती रडतीस. भाकर खा." ती वैनी. लिंगायताची, फुफूहून चौदा वर्षांनी मोठी, मूलबाळ नसलेली. पाच वर्षं त्या भिंतीतून वाट्या येत-जात राहिल्या. फुफू तिची पोलकी शिवायची. वैनी मटणाच्या वासानं नाक मुरडायची, पण दगड कधी लावून घ्यायची नाही. फुफू बाळंतपणाला निघाली तेव्हा वैनीनं तिची ओटी भरली. मुसलमानाच्या सुनेची ओटी भरतात का, असं सासू म्हणाली, तर वैनी म्हणाली, पोट तर सगळ्यांचं सारखंच असतंय. आणि फुफूला बजावलं, "येताना लेकराला आधी माझ्या घरी आणायचं. मग तुझ्या."

फुफू चाळीस दिवसांचा साद घेऊन गेली तेव्हा दोन्ही घरं दिसत नव्हती. कुठली माती कुणाची, ते सांगायला कुणी नव्हतं.

"ती मला नावानं हाक मारायची," फुफू म्हणाली. "पाच वर्ष तिच्या हातचं खाल्लं, आन म्या तिचं नाव इचारलं न्हाई."

मेलेल्यांच्या सरकारी यादीत नाव होतं, लक्ष्मीबाई चंद्रप्पा. पण फुफूला ते चालत नव्हतं. एकदा फुफूनं सहज विचारलं होतं, तुम्हाला लक्ष्मी म्हणतात का? तर वैनी हसून म्हणाली होती, "लक्ष्मी तर ह्या घरात येणाऱ्या समद्या सुनांचंच नाव. सासूचं बी तेच. माझं येगळं हाय. सांगन कवातरी." नंतर फुफूनं पुन्हा विचारलंच नाही आणि ते राहून गेलं. फुफूला वाटायचं, यादीतलं नाव त्या बेटावर लिहिलं तर बेट वैनीच्या सासूला मिळेल.

हे ऐकून मी हसणार होते, पण तिचं तोंड बघून हसू आवरलं. तेवीस वर्षं ती त्या एका नावासाठी आतल्या आत झुरत होती. कुणाला विचारायची तिला लाज वाटत होती. विचारायचं म्हटलं की आधी सांगावं लागलं असतं की तेव्हा मी विचारलं नव्हतं.

सोळाच्या उन्हाळ्यात लातूरचे नळ कोरडे पडले. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी येऊ लागलं, ते बघायला माणसं स्टेशनवर जायची. आम्ही टँकरपुढं घागरी मांडून बसायचो आणि घरात पडद्यावर तो निळा समुद्र. माझी बारावी झाली होती. पुढची मेडिकलची परीक्षा नेमकी कुठली, याचा कोर्टालाच पत्ता नव्हता, आम्हाला कुठून असणार. मला घरात बसून वेड लागायची पाळी आली. एका सकाळी मी फुफूला म्हणाले, वैनीच्या नवऱ्याला जाऊन विचारू. ती नाही म्हणाली. दुसऱ्या सकाळी तीच पदर घेऊन दारात उभी राहिली.

एसटीनं आम्ही नव्या गावात गेलो. चंद्रप्पा आजोबा घराच्या सावलीला बसून सुतळी वळत होते. भूकंपाच्या वेळी ते शेतात राखणीला होते, म्हणून राहिले. दुसरं लग्न केलं नाही. फुफूला त्यांनी लगेच ओळखलं, "भाबी, बसा," म्हणाले. चहा झाला. फुफूनं तीन वेळा पदर नीट केला आणि विचारलं.

"लक्ष्मी," ते म्हणाले.

"ते न्हाई, अण्णा. माहेरचं."

आजोबांच्या हातातली सुतळी थांबली. ते म्हणाले, "लग्नात कानावर पडलं आसंल. पर ताशे वाजून राहिले हुते." मग जरा चिडून म्हणाले, "आता कशाला पायजे नाव?"

"एका ठिकाणी लिहायचं हाय."

"दगडावर? आठवणीचा दगड बसवून राहिलाव का?"

इथं आमचं चुकलं. फुफूनं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं बघितलं, आणि फुफू म्हणाली, "हाव."

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. तिला खोट्याचं वाईट वाटत होतंच, पण जास्त वाईट याचं वाटत होतं की नाव आता जगात कुणाजवळच नाही. नवऱ्याला माहीत नाही, मग कुणाला असणार. मी तिचा हात धरून बसले.

मे महिन्यात एका दुपारी दारात चंद्रप्पा आजोबा उभे. पांढरं धोतर, नवी टोपी, हातात पिशवी. नाव हुडकायला ते निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकात, सासुरवाडीला जाऊन आले होते. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच गेले. मेव्हणा मलप्पा अंथरुणाला खिळलेला होता, पण त्याला बहिणीचं नाव आठवत होतं. आजोबांनी पाणी घेतलं, घोटभरच, कारण आमच्या घरी पाणी किती मोजकं आहे हे त्यांना माहीत होतं. आणि विचारलं, "दगड कुठाय?"

फुफूचा चेहरा उतरला. त्या क्षणी मला साद्‌चा, त्या गेमचा, स्वतःचा, सगळ्यांचाच राग आला. म्हातारा माणूस दोन गाड्या बदलून, वारलेल्या बायकोचं नाव घेऊन आला होता, आणि आम्ही त्याला खेळणं दाखवणार होतो. ते उठून निघून गेले असते तर नावही गेलं असतं आणि फुफूची उरलीसुरली गल्लीही तुटली असती. फुफू खोटं रेटू शकली असती. दगड अजून यायचाय, असं म्हणू शकली असती. तिनं तसं केलं नाही. "दगड न्हाई, अण्णा," ती म्हणाली. "म्या खोटं बोलले. हे हाय." आणि तिनं कॉम्प्युटर लावला.

आजोबा खुर्चीत टेकले. पाणी आलं, होडी आली. फुफूनं होडी वेशीकडून आत घेतली आणि एकेक बेट दाखवू लागली. हे किशनराव वाण्याचं. हे शेषेराव सुताराचं. रागानं आजोबांची मान ताठ झालीय असं मला वाटलं. श्रीमंत कासाराचं बेट मागं पडलं आणि ते अचानक म्हणाले, "आता डाव्या अंगाला अबुजर."

"हाव," फुफू म्हणाली.

"त्येच्या म्होरं तुमचं. मग आमचं."

ते दोन टेकड्यांचं बेट समोर आलं. त्या दिवशी फुफूनं पहिल्यांदा तिथं होडी लावली. नावाड्यानं काठी रोवली. पांढरी चौकट आली आणि मी हात पुढं केला.

"नीलव्वा," आजोबा म्हणाले. त्यांनी ते पाठ केल्यासारखं सावकाश म्हटलं. मी एकेक अक्षर टाकलं आणि नाव नकाशावर बसलं.

फुफू बराच वेळ त्या अक्षरांकडं बघत राहिली. आता तिला बरं वाटेल, असं मला वाटलं होतं. तिचे डोळे मात्र भरून आले. "नाव लई चांगलं हाय, अण्णा," ती म्हणाली. "पर ह्या नावानं म्या हाक मारली तर ती वळून बघायची न्हाई. ही कोण, ते मला ठावं न्हाई. मला वैनीच ठावं."

आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बघंल, भाबी," ते म्हणाले. "सोळाव्या वर्षी आमच्यात आली. बावीस वरसं तिला ह्या नावानं कुणी हाकच मारली न्हाई. तुमी मारा. हातातलं काम टाकून वळून बघंल."

पहिली हाक दोघांनी मिळून मारली.